तळघरातली ऊब

काँक्रीटचे ठोकळे फोडणं हे माझं काम. कुठे पूल, कुठे इमारत उभी राहत असली की तिथल्या मालाचे ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी ते पाण्यात मुरवते, यंत्राखाली ठेवते आणि किती भार पडल्यावर ते हार खातात ते बघते. नवरा म्हणतो, लग्न झाल्यापासून माझ्यावरही हाच प्रयोग चाललाय. सांगायचं एवढंच, की काँक्रीट केव्हा तापतं आणि केव्हा निवतं हे मला कुणी शिकवायला नको.

आमचं नवं घर उतारावर आहे, म्हणून खाली आपसूकच तळघराची जागा निघाली. नवऱ्याला लाकूडकामाचा नाद. तळघर त्याच्या करवती आणि रंध्यांसाठी ठरलेलं. पण वरचं घर आधी पुरं झालं, भाड्याची जागा सोडायची वेळ आली, आणि रंगाचा वास ओला असतानाच आम्ही राहायला आलो. तळघराची जमीन राहूनच गेली. धाकटा दीर बांधकामाचा ठेकेदार. साऱ्या गावाच्या जमिनी करतो, आमच्याकडे यायला सवड नाही. "शिंप्याची पोरं उघडीच," सासूबाई म्हणायच्या.

सासूबाई आमच्याकडेच असतात. जीभ तिखट, पाय बर्फासारखे. बारा महिने मोज्यांवर मोजे. नवं घर त्यांना पसंत नव्हतं. "हे घर आहे की धर्मशाळा? आवाज दिला तर परत यायला वाट शोधतो," म्हणायच्या.

अखेर एका रविवारी सकाळी भाऊजी माणसं घेऊन आले. खाली दगड भरून त्यावर मुरूम ठोकून बसवला होता. त्यावर प्लास्टिकचा कागद, आणि कागदापासून जरा उचलून धरलेली सळयांची जाळी. जाळी भाऊजींनी स्वतः उकिडवं बसून बांधलेली. झरोक्याच्या खिडकीतून पत्र्याच्या पन्हळीवरून माल खाली येऊ लागला. गमबूट घातलेली माणसं फावड्यांनी तो पसरत होती, मिस्त्री लांब पट्टीनं सपाट करत होता. मग थापी घेऊन तो मागे मागे सरकत जिन्यापर्यंत आला, शेवटचा हात फिरवला आणि पायरीवर चढला. जमीन साईसारखी दिसत होती.

"वहिनी, यातला ठोकळा तेवढा फोडू नका," भाऊजी हात धुताना म्हणाले. "घरात भांडण नको."

दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर गोणपाटं अंथरली आणि नळीनं भिजवली. नवं काँक्रीट काही दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर त्याला चिरा जातात. संध्याकाळी कामावरून येऊन पाहिलं, तर सगळी गोणपाटं ओलीगच्च आणि मधलं एक कोरडं. मी ते उचललं. खालची जमीन पांढरट, सुकलेली. हात लावला. ऊब होती.

त्यात नवल काहीच नव्हतं. सिमेंट पाण्यात कालवलं की उष्णता निघतेच. वीतभर जाडीची जमीन एक-दोन दिवसांत निवते. तिथे माल जरा जास्त पडला असेल, असं म्हणून मी पुन्हा पाणी मारलं.

आठवडा झाला तरी ती जागा निवली नाही.

मी प्रयोगशाळेतला तापमापक आणला. बाकी जमीन विहिरीच्या पाण्यासारखी गार होती. त्या जागेवर काटा चढला आणि एका आकड्यावर थांबला. सकाळी तोच आकडा, संध्याकाळी तोच. बाहेर गारठा पडला त्या दिवशीही तोच. धडधाकट माणसाच्या काखेत तापमापक ठेवला तर जो येतो, तो.

मी हातानं चाचपत त्या जागेच्या कडेनं खडू फिरवला. आकार गोल नव्हता, चौकोनीही नव्हता. लांबट, एका अंगाला वाकलेला, घेवड्याच्या दाण्यासारखा. मी उभी राहून पाहिलं आणि मग खडूची रेघ पायानं पुसून टाकली. का पुसली, ते मला सांगता येणार नाही.

नवऱ्याला दाखवलं. त्यानं हात ठेवला, दुसरा हात शेजारच्या जमिनीवर ठेवला, आणि म्हणाला, "वरून ऊन येत असेल."

"कुठून? झरोका तर उत्तरेला आहे."

"मग खालून काहीतरी. पाइप वगैरे."

"तिथे पाइप नाही. नकाशा तूच काढलायस."

तो उठला आणि हात पँटला पुसला. "अगं, जमीन उबदार आहे म्हणून कुणी रडतं का?"

सासूबाईंना मी काही सांगितलं नव्हतं. पण सासू बोलेनाशी झाली की सुनेच्या लक्षात येतं. भाजीत मीठ कमी पडलं, त्या गप्प. धुणेवाली आली नाही, त्या गप्प. एका दुपारी मला कामावर सुट्टी होती. त्यांच्या खोलीत डोकावले तर पलंग रिकामा, आणि पलंगावर दोन्ही मोजे व्यवस्थित घडी करून ठेवलेले.

त्या तळघरात होत्या. बुटक्या स्टुलावर बसून अनवाणी पाय त्या जागेच्या काठाला टेकवले होते. चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आई, इथे कुठे बसलात? ओल आहे."

"हळू बोल गं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, डोकं दुखत असेल.

मग ते रोजचंच झालं. सकाळचं आवरलं की त्या खाली जायच्या. आधी स्टूल, मग सतरंजी. गुडघे दुखतात म्हणून एरवी दोन पायऱ्यांना कुरकुरणारी बाई तो जिना दिवसातून कितीदा उतरायची. वर आल्या तरी लक्ष खालीच. नवऱ्याच्या हातून एकदा हातोडी पडली, तर त्या इतक्या जोरात "शूऽऽ" म्हणाल्या की तो लहान मुलासारखा गप्प उभा राहिला.

"आईचं वय झालंय," तो मला स्वयंपाकघरात म्हणाला. "एखाद्या डॉक्टरांना दाखवू."

"दाखवू. पण माझ्या हाताचंही वय झालंय का? तापमापकाचंही?"

तो कपबशा विसळायला लागला.

मग ती संध्याकाळ आली. दिवे लागायच्या सुमारास मी त्यांना चहाला हाक मारायला खाली गेले. झरोक्यातून अजून थोडा उजेड येत होता. सासूबाई जमिनीवर आडव्या झाल्या होत्या. कुशीवर, उशाला हात घेऊन. सतरंजी अंगाखाली नव्हती. गार जमिनीवर, नुसत्या लुगड्यानिशी त्या कुडकुडत होत्या. दात वाजत होते, मला जिन्यावरून ऐकू येत होतं. आणि त्यांच्या अगदी शेजारी ती उबदार जागा मोकळी होती. सतरंजी त्यांनी तिच्यावर घातली होती. नीट, कडा दुमडून.

मी त्यांना खांद्याला धरून उठवायला गेले. अंग लाकडासारखं ताठ, गार.

"आई, अहो, निदान इकडे तरी सरकायचं. उबेला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वेड्या माणसाची नजर नव्हती ती. अडाणी प्रश्न विचारणाऱ्या सुनेकडे बघायची त्यांची नेहमीची नजर होती.

"तिथे जागा कुठे आहे?" त्या म्हणाल्या.

त्याच रात्री मी भाऊजींना फोन केला आणि जमीन फोडायला या म्हटलं. त्यांनी एकही विनोद केला नाही. बहुधा माझ्या आवाजावरून.

दुसऱ्या दिवशी नवरा सासूबाईंना चष्म्याचा नंबर तपासायला घेऊन गेला. गाडी वळणाआड गेल्यावर भाऊजींनी फोडायचं यंत्र खाली नेलं. दुसरा माणूस आणला नव्हता. उबदार जागेवर त्यांनी तळवा ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि नुसतं "हं" म्हणाले.

यंत्राचा आवाज बंद खोलीत दातांत घुसत होता. मी तुकडे घमेल्यात भरत होते. जमिनीतून सुटलेला तुकडा हातात कोमट लागायचा आणि घमेल्यापर्यंत नेईतो गार पडायचा. काँक्रीट असं निवत नाही. मी मुद्दाम पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

जाळी उघडी पडली तसं भाऊजींनी यंत्र बंद केलं.

बाजूला सळया सरळ होत्या. मधे त्या खाली दबल्या होत्या. जुन्या खाटेची सुतळी निजणाऱ्याच्या अंगाखाली झोळते, तशा. पार कागदाला टेकलेल्या.

"मी बांधली होती ही," भाऊजी म्हणाले. "सपाट होती."

"माल ओतताना कुणाचा पाय पडला असेल."

"पाय पडला तर एवढी दबते?" त्यांनी हातानं त्या खोलगटाची लांबी दाखवली. मग हात चटकन मागे घेतला.

आम्ही कागद कापला. खाली मुरूम. मुरमाखाली दगड. भाऊजींनी पहार घालून पाहिलं. काही नव्हतं. मी शपथेवर सांगते, काही म्हणजे काहीच नव्हतं. फक्त पहार बाहेर काढली तेव्हा त्या खड्ड्यातून एक कोमट झुळूक आली आणि माझ्या तोंडावरून जिन्याकडे गेली.

भाऊजींनी मान वळवून जिन्याकडे पाहिलं.

"दार उघडं आहे का वरचं?"

"आहे."

"हं," ते पुन्हा म्हणाले.

आम्ही घाईघाईनं नवी जाळी बांधली, हातानंच माल कालवला आणि खड्डा भरून टाकला. मी तिथेच बसून राहिले, तळवा टेकवून. ओला माल जमताना थोडा तरी तापायला हवा. तो तापला नाही. पहिल्यापासून दगडासारखा गार होता.

सासूबाई परतल्या त्या चष्म्याच्या डबीसकट सरळ खाली गेल्या. मी मागोमाग. आता रडारड होणार असं मी धरून चालले होते. त्यांनी ओला तुकडा पाहिला, फोडलेला ढीग पाहिला. वाकून शेजारच्या जमिनीला हात लावला.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "एकाच कुशीवर किती दिवस निजायचं कुणी!"

आणि त्या जिना चढू लागल्या. सावकाश. वर पोचल्यावर तळघराचं दार त्यांनी लगेच लावलं नाही. एखाद्याला आत येऊ द्यावं तसं जरासं धरून ठेवलं. मी तर सासूबाईंच्या पुढे होऊन आधीच वर आले होते, आणि भाऊजी केव्हाच घरी गेले होते.

त्यानंतर त्या पूर्ववत झाल्या. मिठावरून बोलणं, धुणेवालीवर चिडणं, सगळं जिथल्या तिथे. तळघरात नवऱ्याच्या करवती लागल्या, भुसा उडू लागला. सासूबाई पुन्हा खाली गेल्या नाहीत. "बघ, उगाच घाबरलो," नवरा म्हणाला. मलाही ते पटायला लागलं होतं.

मग परवा मी हॉल पुसत होते. अनवाणी. खिडक्या उघड्या, फरशी गार. पुसत पुसत मधोमध आले आणि टाचेखाली ऊब लागली.

मी पाय उचलला.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत वर्तमानपत्र वाचत होत्या. त्यांनी पान उलटलं.

"बाजूनं पूस," त्या म्हणाल्या.

मी बाजूनं पुसलं. मधला ओला पोचारा फरशीवर राहिला होता तेवढा माझ्यादेखत वाळला.

नवऱ्याला यातलं काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. सांगितलंही नाही.

संध्याकाळी तो कामावरून आला. खांद्यावर पिशवी, मान मोबाइलमध्ये. दारातून सरळ माझ्याकडे येता येता हॉलच्या मध्यावर त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता लांब वळसा घेतला. माझ्याजवळ पोचला, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला,

"चहा आहे का?"