तीनशे चव्वेचाळीस ग्रॅम

कोहक्यातील आमच्या घराच्या मागील अंगणात सिमेंटचा एक हौद आहे. लांबी अकरा फूट, रुंदी पाच, खोली दोन. १९९२ च्या चैत्रात माझा धाकटा भाऊ नरहरी याने तो बांधून घेतला, तेव्हा माझी पत्नी कमलिनी हिला वाटले की धुण्याची सोय होत आहे. परंतु त्या पाण्याला साबणाचा हात लावण्यास तिला पहिल्याच दिवशी मनाई झाली.

"भाऊजीनं घरात नदी आणली," ती मला म्हणाली. "आता मगर तेवढी बाकी हाये."

मी तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो होतो. नरहरी पोलाद कारखान्याच्या डिझाइन ऑफिसात मुख्य आरेखक होता. तो अविवाहित, मितभाषी, आणि रेषेच्या बाबतीत तपस्व्यासारखा कठोर. त्याच्या आयुष्यात एकच रेषा चुकली होती, असे तो मानीत असे.

हौद बांधण्याच्या तीन वर्षे आधी, शिवनाथ नदीच्या एका घाटावर उतारू पैलतीरी नेणाऱ्या देवाजी नावाच्या ढीवराला त्याने डोंग्याचा, म्हणजे लहान नावेचा, नकाशा काढून दिला होता. देवाजी मूळचा वैनगंगेकाठचा, आमच्यासारखाच भंडारा जिल्ह्यातून इकडे आलेला. त्या आपुलकीतूनच हे घडले. डोंगा दोन महिने उत्तम चालला. मग एका निरभ्र दुपारी, वारा नसताना, पैलतीराजवळ तो उलटला. सगळे बाहेर आले. देवाजीची पत्नी रुक्मा आली नाही. देवाजीने कधी दोषाचा एक शब्द उच्चारला नाही, आणि नरहरी त्यानंतर नदीकडे फिरकला नाही.

त्या चैत्रात देवाजी आपण होऊन आमच्या फाटकाशी आला.

"साहेब, नवा डोंगा काढून द्या. लोक सात कोस फिरून पुलावरून जाऊन राहिले."

"माझ्या हातचा?" नरहरीने विचारले.

"मंग कोनाच्या? नदीची अन् तुमची आता ओळख झाली."

त्या सायंकाळी नरहरी जेवला नाही. उठताना एवढेच म्हणाला, "भाऊ, या टायमाले एका सुताचा फरक राहिला, तरी नकाशा देनार नाही मी. तो पुन्हा उलटला, त मी जगून काय करू?"

ऑफिसात नुकताच संगणक आला होता. साहेबांच्या परवानगीने, पाळी संपल्यावर तो त्यावर बसू लागला. डोंग्याची रुंदी ठिकठिकाणी किती, हे आकडे दिले की त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम सांगे, इतक्या भाराने डोंगा इतका बुडेल, इतका कलेल. कडेला छिद्रे असलेल्या लांब कागदावर आकृत्या छापून येत. त्यांवरून तो शिवणीच्या लाकडाच्या पातळ फळ्या कापी, थरावर थर चिकटवी आणि घासून घासून एक पंचमांश आकाराचा डोंगा सिद्ध करी. चार फुटांचे ते लाकडी शरीर त्याने प्रथम माझ्या हातांत दिले, तेव्हा मला नवजात अर्भक धरल्यासारखे वाटले.

माणसांच्या जागी शिशाचे तुकडे होते. प्रत्येक चारशे चाळीस ग्रॅमचा. पंचावन्न किलोचा मनुष्य त्या प्रमाणात तेवढाच उरतो. आठ उतारू दोन-दोनच्या ओळींत, आणि नववा तुकडा मागच्या बाजूस, वल्हे मारणाऱ्याच्या जागी. देवाजीने सांगितलेली संख्या नऊच होती, तेव्हाही आणि आताही. टोकांना चिकटवलेल्या पट्टीवरील आकडा वाचण्याचे काम माझ्याकडे होते.

रविवारी सकाळी रिकामा नमुना, त्याचसाठी बांधलेल्या हौदाच्या पाण्यात सोडला. आकडा यंत्राने सांगितला तोच.

आठ तुकडे ठेवले. तोच.

नववा ठेवला, आणि मागचे टोक अपेक्षेपेक्षा सहा मिलीमीटर अधिक खाली गेले. शिवाय डोंगा डावीकडे किंचित कलला.

नरहरीने तुकडे सोनाराच्या काट्यावर तोलून आणले, निर्दोष होते. हौदातील पाणी बदलले. नमुन्याचे तोंड फिरवून पाहिले, पोटात कोठे पाणी मुरले आहे का ते तपासले. प्रोग्रॅमवरच शंका घेऊन चार संध्याकाळी सारे गणित हाताने केले. गणित बरोबर होते. सहा मिलीमीटरही तेथेच होते.

मग त्याने प्रश्न उलटा केला. कोठे किती भार वाढवला म्हणजे पट्टीवरचा आकडा जुळेल, हे त्याने यंत्राला विचारले. उत्तर आले, मागच्या डाव्या कोपऱ्यात, तीनशे चव्वेचाळीस ग्रॅम. खऱ्या डोंग्यात ते त्रेचाळीस किलो होतात.

मी तर्कशास्त्र शिकलेला मनुष्य आहे. वैशेषिकांनी अभावाला स्वतंत्र पदार्थ मानले, हे मी कित्येकांना शिकवले; परंतु गुरुत्व हा गुण त्यांनी अभावाला दिलेला नाही. म्हणून नरहरी कामावर गेला असता मी एकटाच हौदापाशी बसलो आणि आठही उतारू काढून घेतले. केवळ वल्हेकऱ्याचा तुकडा ठेवला. टोक खाली होते, कल डावीकडे होता. तोच तुकडा मी पुढच्या बाकावर ठेवला. कल नाहीसा झाला. पुन्हा मागे ठेवला, पुन्हा आला.

शेवटी मी तो तुकडा उचलून घेतला. शिसे माझ्या तळहातावर होते आणि टोक अजून खालीच होते. मी दोन श्वास घेतले. मग ते वर आले, सावकाश, गुडघ्यांवर हात ठेवून कोणी उठावे तसे.

हे मी नरहरीला सांगितले. त्याने माझी थट्टा केली नाही. पुढच्या रविवारी त्याने देवाजीला बोलावून घेतले.

देवाजी हौदाच्या काठावर उकिडवा बसला. कमलिनीने दिलेला चहा त्याने बशीत ओतला, आणि नववा तुकडा बोटांनी उचलून पाहिला.

"हा मी?"

"हो."

"लयच बारीक झालो."

त्याने आपल्या हाताने तो तुकडा जागेवर ठेवला. टोक खाली गेले. डोंगा डावीकडे कलला. बशी देवाजीच्या हातातच राहिली.

नरहरीचा आवाज अगदी हलका होता. "देवाजी, पहिल्या डोंग्यात किती जन बसत होते?"

"सांगतलं होतं ना तुमाले. नऊ."

"रुक्मा धरून?"

काही विचित्रच विचारले गेल्यासारखे देवाजीने त्याच्याकडे पाहिले. "तिले कावून धराचं? ती काय उतारू होती? ती त डोंग्यातलीच. वल्ह्यासारखी."

"रोज बसे?"

"रोजच. घरी एकटी बसून काय करंल, म्हने."

"कुठं?"

देवाजीने बोट दाखवले. लाकडाला स्पर्श न करता, मागच्या डाव्या कोपऱ्याकडे.

नरहरी खाली बसला. म्हणाला, "मले विचारा लागत होतं."

"मले सांगा लागत होतं, साहेब."

दोघेही पाण्याकडे पाहत होते. तीन वर्षे ज्याचा भार एकेकट्याने वाहिला, तो त्या घटकेला दोघांनी मध्ये ठेवला, असे मला वाटले.

"वजन किती असंल तिचं?"

"बायकोले कोन तोलते?" देवाजी म्हणाला. "धानाच्या अर्ध्या पोत्याहून जराशी जास्त." धानाचे पोते पंचाहत्तर किलोचे असते.

दुसऱ्या दिवशी नरहरीने प्रोग्रॅममध्ये दहावा भार लिहिला. डोंग्याची मागची बाजू चार बोटे रुंद झाली, कड तीन बोटे उंच. छापलेला कागद पाहून त्याच्या साहेबांनी विचारले, "नरहरीजी, आदमी नौ बोले थे. ये दसवाँ कौन है?"

"घर का है, सर," नरहरीने उत्तर दिले.

दुसरा नमुना हौदात उतरला. नऊ तुकडे ठेवले. तो दहा जणांच्या रेषेवर, तराजूच्या दांडीसारखा सरळ उभा राहिला. नरहरीने नकाशाची गुंडाळी केली आणि देवाजीकडे पाठवून दिली.

कार्तिकात, सुतार सुखराम याने घडवलेला डोंगा शिवनाथेत उतरला. सकाळचे नऊ वाजले होते. नदी भरलेली, पाणी निवळू लागलेले. बाजाराला निघालेल्या बाया आणि दोन म्हातारे, असे आठ जण चढले. देवाजी शेवटी चढला आणि वल्हे घेऊन आपल्या जागी बसला.

नरहरीने डोंग्याच्या अंगावर दोन रेषा रंगवून घेतल्या होत्या, नऊ जणांची आणि दहा जणांची. त्याने माझे मनगट घट्ट धरले. मी वाकून पाहिले.

पाणी दहाच्या रेषेला लागले होते.

डोंगा निघाला. मध्यावर प्रवाह ओढीचा आहे. तेथे तो जरासा डोलला आणि लगेच सावरला. जुना डोंगा जेथे उलटला तेथून तो हळूच पुढे गेला. पैलतीरी आठ जण उतरले. एका बाईने मागे वळून हात हलवला. आमच्याकडे की डोंग्याकडे, हे मला कळले नाही.

नरहरीने माझे मनगट सोडले. तो रडत होता, आणि ते लपवण्याचे त्याला भान नव्हते.

देवाजी परत निघाला. एकटाच.

वल्ह्याच्या संथ आवाजातून त्याचे बोलणे अधूनमधून ऐकू येई. शब्द कळत नव्हते. घरातल्या कोणाशी बोलावा तसा स्वर होता. मध्येच थांबे, मग पुन्हा सुरू होई.

डोंगा मध्यावर आला, तेव्हा मला नीट दिसले. देवाजी बाकाच्या मधोमध बसलेला नव्हता. तो उजव्या कडेला पार सरकून बसला होता.

तेवढ्या अरुंद डोंग्यात एकटा मनुष्य असा कडेला बसला, तर डोंगा त्या बाजूला कललाच पाहिजे.

तो सरळ येत होता.