सहावी ओळ

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे एक रामबाण उपाय असतो, फॉरमॅट. सगळं पुसायचं, नव्याने घालायचं, चहा पिऊन निघायचं. नीरज सावंतही त्याच बेताने मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कातल्या म्हात्र्यांकडे गेला होता. दोन हजार चारचा फेब्रुवारी, भर दुपारची वेळ.

पण शेवंतीकाकींनी दारातच हात जोडले. "पुसू नको हां, दादा. यांचं पुस्तक हाय त्यात."

हे म्हणजे त्यांचे दिवंगत यजमान, दशरथ म्हात्रे. जवळच्या मुर्धा गावच्या मिठागरांत राबलेल्या माणसांची नावं आणि हकिकती त्यांनी चार वर्षं खपून टाइप केल्या होत्या. वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं होतं आणि त्या दिवशी पुस्तक गावात वाटायचं, असं काकींनी मनाशी पक्कं केलं होतं. वर्षभर बंद असलेलं मशीन गेल्या आठवड्यात भाच्याने, जितेशने लावलं आणि वर गेम टाकला. तेव्हापासून मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. कालपासून तर विंडोज सुरूच होईना.

नीरजला दुखणं कळलं. रजिस्ट्री बिघडली होती. कुठला प्रोग्राम कुठे, कुठला फॉन्ट कुठे, हे मशीन जिथे टिपून ठेवतं ती वही म्हणा ना. मराठीचं सॉफ्टवेअर जुनं, त्याची फ्लॉपी हरवलेली. वही गेली तर पुस्तकाचे चौकोनच राहणार होते.

विंडोज नाइन्टीएट रोज पहिल्यांदा सुरू झालं की वहीची एक नक्कल काढतं. पण नकला पाचच ठेवतं, नवी आली की सर्वांत जुनी जाते. नीरजने काळ्या पडद्यावर यादी काढली. पाचही तारखा जितेशच्या आठवड्यातल्या. तरी त्याने एकेक परत घालून पाहिली. पाचही वेळा मशीन अर्ध्यावर अडकलं. शेवटी त्याने बॅगेतून फॉरमॅटची सीडी काढली. काकी पदराचं टोक पिळत राहिल्या.

तेवढ्यात खोलीत वास आला. खाडीच्या चिखलाचा, खारट, ओला. खिडक्या तर बंद होत्या. नीरजने उगीच यादी पुन्हा उघडली आणि ओळी मोजल्या. सहा. सहाव्या ओळीतली तारीख गेल्या वर्षीची होती.

"काकी... मागच्या सत्तावीस फेब्रुवारीला मशीन कोणी लावलं होतं?"

"कोन लावनार..." काकी हळूच म्हणाल्या. "त्या दिवशी यांचं तेरावं. मानसांना बसायला जागा न्हाय, म्हनून मशीन चादरीत बांधून माळ्यावर टाकलेलं."

नीरज घाबरला, सरळ सांगायचं तर. पळून जावं असंही वाटलं. पण काकी पडद्याकडे ज्या आशेने बघत होत्या, ते बघून पाय उचलेना. त्याने सीडी बॅगेत परत टाकली, सहावी ओळ निवडली आणि एंटर दाबलं.

विंडोज सुरू झालं. फाइल उघडली. पानामागून पान, स्वच्छ मराठी. तिसऱ्या पानावर काकींनी एका नावावर बोट ठेवलं. "हा माझा बाप," त्या म्हणाल्या आणि रडता रडता हसल्या. नीरजचेही डोळे भरून आले.

मशीनशेजारच्या प्रिंटरवर सगळी पानं छापून झाली. शेवटचं पान आभाराचं होतं. त्यातली शेवटची ओळ त्याने दोनदा वाचली: 'आणि उतावळेपणाने पुसून न टाकल्याबद्दल नीरज सावंत यांचे.'

मीरा रोडला येऊन त्याला जेमतेम सहा महिने झाले होते. काकींना तर त्याचं आडनावही ठाऊक नव्हतं.

त्याने ते पान मुकाट्याने गठ्ठ्यात घातलं. मशीन बंद केलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकी, प्लग... काढून ठेवू?"

काकी गठ्ठा छातीशी धरून बसल्या होत्या.

"काढ की," त्या म्हणाल्या. "यांना कुठं लागतो."