चाफ्याखालची बांगडी

तन्मय, फोन उलटा ठेव आधी. आणि मैत्रेयी, हसायचं ते आत्ताच हसून घे. निशिकांत अकरा वर्षं ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसला. थापा मारण्याइतकी कल्पनाशक्ती त्या माणसाकडे नाही.

त्याला मेटल डिटेक्टरचा नाद. रविवारी बीचवर यंत्र फिरवायचं आणि डबाभर गंजके खिळे घरी आणायचे. गेल्या वर्षी, अठरा ऑक्टोबरला, शनिवारी धनत्रयोदशी होती. आमच्या एका क्लायंटची अंगठी त्यांच्या बुकित तिमाह भागातल्या जुन्या बंगल्यात, लॉनमध्ये पडली होती. संध्याकाळी जाऊन यानं ती दहा मिनिटांत शोधून दिली. निघताना चाफ्याखाली यंत्र पुन्हा वाजलं. वीतभर खाली लहान मुलाची सोन्याची बांगडी निघाली, खटक्याची. आतल्या बाजूला इंग्रजीत कोरलेलं, 'एडिथ, १९११'. म्हणजे कुणा गोऱ्या साहेबाच्या लेकीची.

मालकाला सांगायला हवं होतं. पण धनत्रयोदशीला सोनं आपल्या पायांनी आलंय, लक्ष्मीला नाही कसं म्हणायचं? पठ्ठ्यानं ती गुपचूप खिशात घातली.

तोआ पायोहच्या घरी त्याच्या बायकोनं, प्रणितानं, बांगडी दुधापाण्यानं धुतली, हळदकुंकू वाहिलं आणि दिवा लावताना तीन वर्षांच्या निहारिकाच्या हातात घातली. खटका बसला. मग तो उघडेचना.

साबण झाला, तेल झालं. साडेआठला हात गार पडला. बोटं निळी दिसायला लागली. पोरगी रडत नव्हती, हे जास्त वाईट. नुसती इथल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, डोन्ट पुल ला. शी इज होल्डिंग."

"कोण गं?" प्रणितानं विचारलं.



दवाखान्यात जायला तिघं लिफ्टमध्ये शिरले. बाराव्या मजल्यावरून लिफ्ट निघाली. नवव्या आणि आठव्याच्या मध्ये थांबली. दिवा चालू, पंखा बंद. घंटेचं बटण दाबलं... नुसती खरखर. फोनला रेंज नाही. दार ढकललं, लाथा मारल्या. बांगडी आणखी घट्ट झाली. मला हे सांगताना तो रडला रे. म्हणाला, "मनोहरकाका, माझ्या हावरटपणापायी लेकीचा हात जाणार होता."

मग तिघं गप्प झाले. आणि त्याच्या लक्षात आलं...

श्वास चौघांचे ऐकू येत होते.

"परत नेतो!" तो ओरडला. "आत्ता. जिथली तिथे ठेवतो."



लिफ्ट हलली.

टॅक्सी करून सरळ बंगल्यावर. मालक दारात उभा राहून बघत होता, हे दोघं चाफ्याखाली गुडघ्यांवर. निहारिकाचा हात खड्ड्यावर धरला. खटका आपोआप उघडला. बांगडी पुरली, माती दाबली, मालकाची माफी मागितली. रात्री अकरापर्यंत पोरीच्या बोटांत रंग परत आला. हात वाचला. सुटलो बुवा, असं वाटलं त्यांना.

सकाळी प्रणितानं दार उघडलं. उंबऱ्यापाशी तिनं रांगोळीनं लक्ष्मीची पावलं काढली होती, ती विस्कटली होती. त्यांच्यावर एक उघडं पाऊल उमटलं होतं. पुढे फरशीवर दुसरं... तिसरं. तिनं निहारिकाला उचलून आणलं, तिचं पाऊल त्यावर ठेवून पाहिलं. निहारिकाचं मोठं निघालं.

सगळी पावलं घरात येणारी होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.