आबांच्या मापाची सीट

मास्तरांनी खिशातली टेप काढली आणि शोरूममधल्या तिसऱ्या गाडीच्या सीटला लावली. गाड्या दाखवणारी मुलगी ओठ दाबून हसत होती.

"अहो, लोक आधी इंजिनाचं विचारतात," बायको कुजबुजली.

"इंजिनावर बसायचंय का? बसायचं सीटवर," मास्तर म्हणाले.

चूक म्हणा, खोड म्हणा, शिंप्याच्या घराण्यात गाडीही अंगावर घालूनच बघायची. पहिली गाडी खांद्यात आवळत होती. दुसरी दिसायला देखणी, पण मागे बसलं की गुडघे हनुवटीला. मास्तरांना तडजोड नको होती. त्यांचे वडील, आबा, लोकांच्या दुकानाच्या पायरीवर मशीन मांडून शिवायचे आणि जन्मभर पायी हिंडले. मास्तरांचा आता कपड्यांचा तीन मजली कारखाना होता, आणि लेकीला नुकतंच लायसन्स मिळालं होतं. तिनं चालवायची ती शहरातली सगळ्यात दणकट गाडी, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"या तीन बटणांवर घरातल्या तिघांची बसण्याची ठेवण साठवता येते, सर," मुलगी म्हणाली. "अजून कोरी आहेत. गाडी आजच आलीय."

मास्तरांनी गंमत म्हणून तिसरं बटण दाबलं.

सीट गुणगुणत पुढे सरकली, उंच झाली. सीटची पाठ ताठ झाली आणि डाव्या खांद्यापाशी जरा खाली दबली. मास्तरांनी टेप लावली, पण आकडा वाचायची गरज नव्हती. असा बुटका बांधा, असा उतरता डावा खांदा त्यांनी एकाच माणसाचा पाहिला होता. त्याच माणसाचे सदरे शिवून त्यांचा शिलाईत हात बसला होता.

"आबा आलेत गं," ते म्हणाले. त्यांचा ऊर भरून आला होता.

"हळू बोला, लोक ऐकतील!"

मास्तरांनी तिथल्या तिथे गाडी पक्की केली.

आबांची एक सवय घरात अजून कौतुकानं सांगितली जाई. माप घेऊन झालं की ते त्या माणसाच्या डाव्या खांद्यावर खडूची बारीक फुली मारत. अंथरुणाला खिळले तेव्हाही त्यांनी मास्तरांच्या आईला जवळ बोलावलं, थरथरत्या हातानं तिचं माप घेतलं, फुली मारली. आबा गेले आणि महिन्याच्या आत आईही गेली. "जोडीनं गेली बघा," असं सांगताना मास्तरांचा चेहरा उजळायचा.

गाडी दारात आली. तिघांनी आपापली ठेवण साठवली, पण रोज सकाळी सीट आबांच्याच मापाची झालेली असे. आत मशीनच्या तेलाचा वास येई. मेकॅनिकनं सगळं तपासलं आणि खांदे उडवले. मास्तर मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना थांबवून सांगत, "आमचे आबा रोज गाडीत बसतात!"

"विकून टाका ती," बायको म्हणाली. "मला धड झोप लागत नाही."

"जन्मभर पायी चाललेल्या माणसाला गाडीतून खाली उतरवू?"



रविवारी लेक पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन गेली. मास्तर फाटकाशी उभे होते. ती परत आली, एका दमात गाडी मागे घेऊन भिंतीला न घासता लावली. मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. समोरच्या गच्चीतला शेजारी बघतोय ना, याची त्यांनी खात्री करून घेतली.

"बाबा, आज गंमत झाली," लेक उतरत म्हणाली. "मी बटण दाबलंच नाही. सीट आधीच माझ्या मापाची होती. अगदी अंगासरशी!"

"नातीला जागा करून दिली आबांनी," मास्तर हसले.

ती पर्स घ्यायला आत वाकली.

तिच्या निळ्या जॅकेटच्या डाव्या खांद्यावर पांढरी फुली होती.

कारखान्यात कापडाची कटाई मशीनवर, खडूशिवाय होत असे. घरात खडू उरलाच नव्हता.

मास्तरांनी अंगठ्यानं फुली पुसली. बोटाला भुकटी लागली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. जॅकेट काढ बरं, धुवायला टाकतो."

तिनं जॅकेट काढून दिलं.

खालच्या शर्टावरही, बरोबर त्याच जागी, फुली होती.