उलटं बिस्किट

“चपला काढायच्या नाहीत हां!”

मी दचकले. मुलुंडमधल्या आमच्या छोट्याशा मॉलच्या सरकत्या जिन्यासमोर, मीराचं मनगट घट्ट धरून मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मागे एक उंच, सावळा माणूस. काखेत कापडी शार्क.

“मी कुठे काढतेय?”

“पायांकडे बघत होतात, म्हणून म्हटलं.” तो हसला. “फॅन्सी ड्रेस हवाय ना? वरचं दुकान माझंच आहे.”

“आम्ही साध्या जिन्याने येतो.”

“का?”

का काय! त्या दातेरी पट्टीत ओढणी अडकते, बूट अडकतो... मीराचे बाबा गेल्यापासून कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडेल तेच मला दिसतं. पण अनोळखी माणसाला हे काय सांगायचं? म्हटलं, “तेवढाच व्यायाम.”

तोही शार्कला सांभाळत आमच्यासोबत साध्या जिन्याने चढला. धापा टाकत.

मीराला शाळेत वांगं व्हायचं होतं. देठाची हिरवी टोपी घालून ती आरशासमोर गोल फिरली, तेव्हा नितेशने — त्याचं नाव नितेश — फार गंभीरपणे विचारलं, “भरलं वांगं की भरीत?”

“भरलं!” मीरा किंचाळली.

कितीतरी दिवसांनी मी मोठ्याने हसले. तो माझ्याकडे बघतच राहिला, आणि मग उगाच वांग्याची बटणं लावत बसला.

भाड्याचं वांगं परत करायला गेले. मग मासा आणला, मग ढग... “शाळेत एवढे फॅन्सी ड्रेस असतात?” माझी आई डोळे बारीक करून विचारायला लागली. मी आपली मीराचा डबा घासत राहिले.

अशाच एका दुपारी मी त्याला विचारलं, “त्या दिवशी चपलांचं काय म्हणालात?”

तो आम्हाला कठड्यापाशी घेऊन गेला. खाली सरकता जिना रिकामाच वर येत होता.

“इथे आधी बिस्किटांचा कारखाना होता. बरोब्बर ह्या जिन्याच्या जागी पॅकिंगचा पट्टा. आई त्यावर कामाला. हॉलमध्ये शिरताना सगळ्या बाया चपला बाहेर काढायच्या. मग कारखाना बंद पडला, पाडला, मॉल आला. मी चौथीत असेन. उद्घाटनाला आई मला घेऊन आली. जिना सुरू झाला... आणि तिने चपला काढल्या.”

“अय्या! का?”

“सवय गं—” त्याचे कान लाल झाले. “म्हणजे... सवय हो. मागच्यांना वाटलं, नियमच असणार. त्यांनीही काढल्या. खाली चपलांचा हा ढीग, आणि वर अख्खी वरात अनवाणी!”

मी हसत सुटले. पण हसता हसता नजर खाली गेली आणि अंगावर काटा आला. जमिनीतून एकेक पायरी उगवत होती, वर येत होती, सपाट होऊन नाहीशी होत होती. इतकी वर्षं मी ह्या जिन्याला फक्त घाबरले. आणि इथेच कुणाचं आयुष्य असं ओळीने सरकत गेलं होतं... भाजलेल्या पिठाचा वास आल्यासारखा वाटला मला. खरंच!

“बाबा भट्टीच्या टोकाला असायचे,” तो हळूच म्हणाला. “बोललं की सुपरवायझर ओरडायचा. मग बाबा रांगेतलं एक बिस्किट उलटं करायचे. नक्षी खाली. म्हणजे — सुटल्यावर गेटवर थांब.”

“आणि त्या थांबायच्या?”

“पहिलं बिस्किट तिने खाऊन टाकलं. बाबा गेटवर ताटकळले. विचारलं तर म्हणाली, ‘माका काय म्हायत!’”

मग बातमी आली. मॉल पाडणार, टॉवर होणार. नितेशने पनवेलला गाळा घेतला.

“मला तुम्ही दोघी हव्या आहात,” तो ढगाची घडी घालत म्हणाला. “विचार करा. पण नाही म्हणायचं असेल, तर मॉल बंद व्हायच्या आत म्हणा. मग मी वाट बघणार नाही.”

“मीराला तुमची सवय झाली, आणि पुन्हा काही झालं तर?”

“तर काय, ते मलाही माहीत नाही हो.” त्याने ढग माझ्या हातात दिला. “भीती मलाही वाटते.”

खोटा दिलासा दिला असता, तर नाही म्हणणं किती सोपं होतं!

शेवटच्या संध्याकाळी जिना बघायला निम्मं मुलुंड लोटलं होतं. कारखान्यातल्या म्हाताऱ्या बायका आल्या होत्या. नितेशची आई, शांताबाई, सगळ्यांत पुढे. एकेकीने चपला काढल्या, जिन्याला हात लावून नमस्कार केला आणि वर गेली. मी खालून बघत होते.

वरच्या टोकाला नितेश खोकी बांधत होता. माझ्याकडे न बघता.

पर्समध्ये मीराचा बिस्किटपुडा होता. मी एक काढलं. नक्षी खाली करून पायरीवर ठेवलं.

“आई! बिस्किट एकटंच चाललंय!”

“नितेश!” मी ओरडले. “खाली बघ ना!”

मी त्याला ‘तू’ म्हटलं, हे मला नंतर कळलं. त्याला लगेच. तो धावला. पट्टीच्या दातांशी पोचता पोचता त्याने ते उचललं. उलटसुलट करून पाहिलं... आणि सरळ तोंडात टाकलं.

“अरे! खाल्लंस काय?”

“माका काय म्हायत!” तो वरून ओरडला. हसत होता, पण डोळे भरले होते. वर शांताबाईंनी पदर तोंडाला लावला.

मी मीराच्या बुटांच्या लेस दोनदा तपासल्या. तिला कडेवर घेतलं. आणि पाऊल टाकलं.

पायाखाली पोलाद थरथरत होतं, जिवंत असल्यासारखं. सगळा मॉल खाली खाली जात होता. वर त्याचा पुढे केलेला हात मोठा मोठा होत होता...

अर्ध्यात आल्यावर लक्षात आलं, माझ्या चपला खालीच राहिल्या होत्या.