प्लास्टरमधला पक्षी

वाडगा शुक्रवारपर्यंत जुळला आणि त्याचं रेखाचित्र साधलं, तर प्रज्ञाचं कंत्राट वर्षभर वाढणार होतं. नाहीतर तिच्या खुर्चीत बसायला जळगावची एक चुणचुणीत मुलगी तयारच होती. अडचण एवढीच, की चिकुनगुन्या झाल्यापासून प्रज्ञाचा उजवा हात थरथरायचा. धुळ्याच्या त्या छोट्या संग्रहालयात तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. शिपाई सुपडू आबांना ते न सांगता कळलं होतं. कुणाचा चहा बशीत किती सांडतो यावर आबांचं बारीक लक्ष.

वाडगा गिरणाकाठच्या खोदकामातला, सुलतानांच्या काळचा. तांबडी माती, वर पांढऱ्या मातीचा पातळ लेप, तो लेप कोरून तांबड्या रेघांनी काढलेला पक्षी, आणि सगळ्यावर हिरवट काचेची झिलई. तुकडे तेवीस. पक्ष्याचं डोकं बेपत्ता. गेलेली जागा प्लास्टरनं भरायची आणि कोरी सोडायची, हा या कामाचा नियम. जुनं कुठलं आणि आपलं कुठलं, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

"आमना घरमा अर्धं भांडं ठेवतस नही," आबा म्हणाले. ते भडगावकडचे, कुंभाराघरचे.

"हे तुमचं घर नाही, आबा."

"ते भांडाले काय माहीत?"

सोमवारी दुपारी ती डबा खाऊन परतली, तर प्लास्टरवर एक रेघ होती. पक्ष्याची मान पुढे सरकली होती. तिनं आबांकडे रोखून पाहिलं.

"मना चष्मा घर शे," आबा म्हणाले.

मंगळवारी ती खोलीला कुलूप लावून किल्ली सोबत घेऊन गेली. परतल्यावर चोच होती. तिनं भिंग लावलं. प्लास्टर आरपार पांढरं असतं. कितीही कोरा, आत पांढरंच निघतं. रेघ तांबडी होती.

नोंद करायला तिनं पेन्सिल उचलली. हात थरथरला नाही.

बुधवारी पक्ष्याला डोळा आला. तिनं सहा पानं भरून रेघा मारल्या. एकही वाकडी नाही.

गुरुवारी तिनं नियमाला जागून पॉलिशपेपर घेतला आणि चोचीवर एकदा घासला. मनगट लटलटू लागलं.

कागद खाली ठेवला. लटलटणं थांबलं.

शुक्रवारी संग्रहालयाच्या प्रमुख मोहिनी मॅडम आल्या. त्यांनी वाडगा उजेडात फिरवून पाहिला.

"भरलेला भाग अगदी कोरा ठेवलास. बरं केलंस."

प्रज्ञा पक्ष्याच्या डोळ्याकडे बघत राहिली. आबाही तिकडेच बघत होते.

रेखाचित्रापाशी मॅडम जरा जास्त थांबल्या. "हा हात कुठं लपवला होतास? वर्षभर थांब आता. हजेरीच्या नव्या मशीनला अंगठा दे आणि खोदकामातल्या तुकड्यांची पुढची पेटी उघड."

मशीननं अंगठा घेतला नाही. पुसून दिला, ओला करून दिला.

तिनं तो भिंगाखाली धरला. अंगठ्यावर ठशाची एकही रेषा नव्हती.

वाडगा उलटा केला. तळाशी, सहाशे वर्षांच्या काचेखाली, अंगठ्याचा ठसा. त्यावर आडवी खूण, तिचा अंगठा लहानपणी विळीनं कापला होता तीच.

"डावा लावा, ताई," आबा म्हणाले. "एक अंगठावरच सुटनात तुम्ही."

ती हसली, मनापासून. हात स्थिर होता आणि पुढच्या पेटीत कुणाचं काय अपुरं असेल, हे बघायची तिला घाई झाली होती. पक्ष्याला डोकं, तिला हात. बदल्यात एक अंगठा तिच्या नावे.

आबा खाली बसून पेटीची दोरी सोडत होते. त्यांच्या बोटांची दहाही टोकं गुळगुळीत होती.