तिसऱ्या मजल्याचं छत

चहा ओतून घ्या पोरांनो, आणि केबिनचं ते दार लावा, गार वारा येतोय. साडेचार वाजले नाहीत तोच काळोख. तीस वर्षं मी भिंती-छतांतून ॲस्बेस्टॉस उपसत आलो, उद्यापासून तुम्ही उपसणार. म्हणून एकदा सांगून टाकतो. ज्याच्यावर हे गुदरलं त्या रॉडनी एन्टविसलला मी चांगला ओळखतो. त्याच्याच तोंडून ऐकलंय.

बर्नली गावात कालव्याकाठी एक जुनी सूतगिरणी आहे. आत आता लहानसहान ऑफिसं. रॉडनी तिथला व्यवस्थापक. कायदा तर तुम्हाला कालच शिकवला. इमारत ज्याच्या ताब्यात, त्याने ॲस्बेस्टॉस कुठे आहे ते शोधायचं, वहीत नोंदवायचं, आणि कोणी ड्रिल हातात घेण्याआधी ती वही त्याच्यापुढे उघडायची. २००६ साली तपासणी झाली, तिसऱ्या मजल्याचं सगळं छत ॲस्बेस्टॉसच्याच तक्त्यांचं निघालं. रॉडनीने ते पान वहीतून काढलं आणि कपाटात कोंबलं. मजला बंद ठेवला तर भाडेकरू जातील, मग मालक आपल्यालाही घालवेल, एवढाच त्याचा विचार.

त्याच उन्हाळ्यात दिवे बसवायला डर्मट क्विलिगन आला. अठ्ठावीस वर्षांचा, बडबड्या, गोड पोरगा.

"साहेब, छतात काही नाही ना?" त्याने रीतसर विचारलं.

"कोळी आहेत. घाबरतोस?" रॉडनी म्हणाला. "आणि तोंडाला ते काय बांधतोयस? बँक लुटायची आहे का?"

डर्मट हसला. मास्क खिशात घातला. अकरा दिवस त्याने डोक्यावरच्या छताला भोकं पाडली.

ती धूळ घाई करत नाही. सतरा वर्षांनी त्याच्या फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं, मग कॅन्सर निघाला. दोन मुली शाळेत. शेवटी-शेवटी त्याला बुटाची नाडी बांधायलाही दम पुरत नव्हता. गेल्या वसंतात गेला. त्याची बायको ऑर्ला वकिलाकडे गेली आणि रॉडनीला पत्र आलं. शुक्रवारी सकाळी दहाला सरकारी तपासनीस येईल, नोंदवही तयार ठेवा.

आदल्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, बारा डिसेंबरला, संध्याकाळी सव्वापाच वाजता रॉडनी गिरणीत गेला. नाताळची पार्टी म्हणून सगळी ऑफिसं लवकर सुटली होती. काम छोटंसं. कपाटातलं पान वहीत परत लावायचं, आणि खाली 'पाहिलं, समजलं' या रकान्यात डर्मटची सही ठोकायची. जुन्या बिलावरची सही समोर होतीच. म्हणजे काय, पोराला धोका सांगितला होता, त्यानेच निष्काळजीपणा केला. मेलेला माणूस थोडाच नाही म्हणायला येतोय!

रद्दी कागदावर त्याने चारदा गिरवून पाहिलं. मग पेन त्या पानाला लावलं. पहिलं अक्षर निघालं...

वर ड्रिल सुरू झालं.

कोणी तरी मागे राहिलं असेल, असं त्याला वाटलं. ड्रिल थांबलं. त्याने दुसरं अक्षर काढलं. पुन्हा सुरू. रॉडनी चिडला. टॉर्च घेऊन जिना चढला.

तिसऱ्या मजल्यावर दिवे बंद. बटण दाबलं, लागले नाहीत. दालनाच्या मधोमध शिडी उभी होती. शिडीवर दोन बूट. नाड्या सुटलेल्या. वर निळ्या डांगरीचे पाय. टॉर्च वर केला, पण गुडघ्यांच्या वर उजेड जाईना.

"साहेब..."

आवाज ओळखीचा. फक्त त्यात हवा कमी होती.

"छतात काही नाही ना?"

रॉडनीला पळायचं होतं. पण तोंडातून सवयीनेच निघून गेलं. "नाही. काही नाही."

"मग शिडी धरा."

हात पुढे गेले. धरली.

सुटेना.

ड्रिल फिरू लागलं. वरून पांढरं भुरभुरायला लागलं. केसांवर. पापण्यांवर. ओठांवर. ते काय आहे, हे त्या इमारतीत एकाच माणसाला पक्कं ठाऊक होतं. त्याने श्वास रोखला.

वीस सेकंद... तीस... चाळीस... कानात ठोके... छाती फुटेल आता...

घेतला.

पोटभर घेतला.

वर कोणी तरी खोकलं. कापड टर्रकन फाटावं तसं.

"अजून दहा दिवस, साहेब."

...

शुद्ध आली तेव्हा नऊला दहा कमी होते. तो गुडघ्यांवर होता. शिडी नाही. छताला नवं भोक नाही. कोटावर कणभर धूळ नाही. खाली येऊन त्याने ते अर्धवट सही केलेलं पान तसंच वहीत लावलं, घरी गेला, थेट वर जाऊन अंगावर गरम पाणी घेतलं आणि झोपला.

सकाळी त्याने तपासनीस बाईंना सगळं सांगितलं. पान लपवलं ते, डर्मटला काय बोलला ते, सहीचं पण. बाईंनी पेन खाली ठेवलं. "अठरा वर्षं लागली तुम्हाला?" एवढंच विचारलं. खटला होणार हे ठरलं. तरी रॉडनी बाहेर पडला तो हलका होऊन. कबूल केलं, सुटलो, असं त्याला वाटलं. कित्येक महिन्यांनी त्याला भूक लागली.

घरी हिल्डा, त्याची बायको, इस्त्री करत होती.

"अरे, ती डांगरी कोणाची आणलीस?" तिने विचारलं.

"कसली डांगरी?"

"निळी. कामगार घालतात तसली. काल जिन्याखाली टाकून वर गेलास ना? धुऊन हीटरवर टाकलीय बघ."

त्याने वळून पाहिलं. होती. बाह्या लोंबत होत्या. त्याच्या मापाची नव्हती.

"केवढी धूळ रे तिच्यात! पांढरी फटक. स्वयंपाकघरात उभी राहून दोनदा झटकली मी, तेव्हा कुठे मशीनमध्ये टाकली. नाकातोंडात गेली मेली..."

ती खाकरली.

"सकाळपासून घसा धरलाय."